भरली कळशी आणि एकच शिंक

नाटकात मी दोनदा काम केलं. एकदा पुण्याला शाळेत, आणि नंतर थेट मद्रासला, सासरच्या घराच्या दारात. त्या दुसऱ्या नाटकाचे प्रयोग चार महिने चालले. भूमिकेला एकही वाक्य नव्हतं. दलालाच्या सायकलची घंटा गल्लीच्या तोंडाशी दोनदा वाजली की भरली पितळी कळशी कडेवर घ्यायची, गिऱ्हाइकाचं पाऊल पायरीला लागायच्या आत दारातून बाहेर पडायचं, त्याच्याकडे न बघता किंचित हसायचं आणि चालू लागायचं. घरातून बाहेर पडणं एवढंच काम, आणि त्या कामापायी मी चार महिने घरात कोंडून पडले.

झालं असं की आमच्या ह्यांची बदली झाली. लष्करी हिशेबाच्या कचेरीत ते कारकून होते, आणि बदली झाली ती कुठे, तर पुण्याला! लग्न होऊन सात वर्षं झाली होती. सात वर्षं मी मद्रासच्या घामात पुण्याच्या थंडीची स्वप्नं पाहिली होती. आदेश हातात पडला तेव्हा मी स्वयंपाकघरात फुगडीच घातली, एकटीनं. हे डिसेंबरात गेले. ठरलं असं की मद्रासचं, ट्रिप्लिकेनमधलं घर विकायचं, त्या पैशात पुण्याला दोन खोल्यांची सोय करायची, आणि मी, दोन मुलं आणि सासूबाई अशा सगळ्यांनी जून उजाडायच्या आत, शाळा सुरू व्हायच्या आत तिकडे जायचं. सासूबाईंना एकटं टाकून जायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे घर विकलं तर मी सुटणार, नाही तर नाही.

सासरची मंडळी तंजावरकडची. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेली, मराठी अजून उराशी धरून बसलेली. पण ते मराठी आमचं नव्हे. जुनं, ठेवणीतलं, आणि वर तमिळ हेल. सासूबाई ‘मला’ला ‘मज्ज’ म्हणायच्या, ‘सगळे’ला ‘अस्के’. प्रश्न विचारताना आवाज असा वर न्यायच्या की वाटावं, जिना चढताहेत. ते ऐकून मला लग्नाच्या दिवसापासून हसू यायचं, आणि हसू दाबणं हे काही माझ्या घराण्यात नाही.

घर सासऱ्यांनी सासूबाईंच्या नावावर घेतलेलं. सासरे जाऊन चार वर्षं झाली होती. अरुंद, लांबट घर, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी चिकटलेल्या. पुढे रस्त्याकडचा ओटा, त्याला तिकडे तिण्णै म्हणतात, मग दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, आणि अगदी मागे विहिरीजवळ एक अंधारी खोली.

संक्रांत, म्हणजे तिकडचा पोंगल, झाल्याशिवाय मद्रासमध्ये घराचा व्यवहार कोणी करत नाही. पोंगलच्या तिसऱ्या दिवशी दलाल आला. कानात कुड्या, कपाळाला भस्म, खिशात पंचांग, आणि सायकलच्या दांड्याला लटकवलेली छत्री. त्यानं घर पाहिलंच नाही. त्यानं आम्हाला पाहिलं. आधी मला, कुंकवापासून जोडव्यांपर्यंत. मग सासूबाईंना. मग तो ओट्यावर बसला आणि मला म्हणाला, “अम्मा, घर विकायला मला सहा आठवडे पुरतात. पण माणूस घर बघायला येतो ना, तो घर बघतच नाही. दारात पहिलं काय समोर आलं, ते बघतो. मांजर आलं तर परत जातो. भरल्या कुडाची सुमंगली आली, तर मनात अर्धं खरेदीखत झालं!”

“कुड म्हणजे?” मी विचारलं. कळलं होतं, पण मला त्याच्या तोंडून नाटक पाहायचं होतं.

त्यानं उठून, कमरेवर काल्पनिक कळशी घेऊन, ओट्यावरून चार पावलं अशी ठुमकत टाकली की समोरच्या घरातली बाई खिडकीतून हसली. “आणि पेरियम्मांनी,” तो आवाज उतरवून म्हणाला, “राग नका धरू अम्मा, जग वाईट आहे, पण पार्टी आली की पेरियम्मांनी मागच्या खोलीत बसायचं. खोकला आला तर गिळायचा.”

पेरियम्मा म्हणजे सासूबाई, घराच्या मालक. त्या आतच होत्या. त्यांच्या मोकळ्या कपाळाची अडचण त्यांना सांगणार कोण? मीच. तेव्हा मी जे केलं, ते आज लिहायलाही जड जातंय. मी ते गमतीत नेलं. “आई,” मी म्हटलं, “आपली कंपनी निघाली! मी रंगमंचावर, तुम्ही पडद्यामागे. सूत्रधार सायकलवरून येणार.”

सासूबाईंनी तपकिरीची चिमूट नाकाला लावली. तीस वर्षांची सवय, दिवसातून दहा वेळा. “बरं,” त्या म्हणाल्या. एवढंच.

मग माझी नोकरी सुरू झाली. रोज चार ते सहा, आणि रविवारी सकाळीही. पार्टी केव्हा येईल त्याचा नेम नाही, म्हणून साडेतीनला केस विंचरून, अबोलीचा गजरा माळून, कळशी भरून दारामागच्या स्टुलावर बसायचं. समुद्र घरापासून दहा मिनिटांवर. त्या चार महिन्यांत एकदाही गेले नाही. शेजारी हळदीकुंकू, नाही. वाचनालय, नाही. मुलांना घेऊन सर्कस, नाही. मुलगी म्हणायची, “आई, तू रोज तयार होतेस आणि कुठेच जात नाहीस.” महिन्याचे ते तीन दिवसही दलालाला कळवावे लागायचे, कारण त्या दिवसांत त्याचा शकुन बाद! सासूबाई दाराआडून सांगायच्या, “मंगळवारपासून तीन दिवस येऊ नका.” तो पंचांग काढायचा आणि राहुकाळाच्या रकान्याशेजारी पेन्सिलीनं खूण करायचा. माझं शरीर आकाशातल्या ग्रहांच्या शेजारी जाऊन बसलं. एवढा मान मला माहेरीही नव्हता.

ह्या शकुनात एक मोठी गफलत होती, ती मला पहिल्याच दिवशी दिसली. जगातल्या बायका भरली कळशी घरात आणतात. मी ती घराबाहेर नेत होते. नेऊन करायचं काय? कोपऱ्यावर गणपतीच्या देवळापाशी पिंपळ होता. त्याला ओतायचे आणि परत यायचे. त्या उन्हाळ्यात मद्रासमधली झाडं करपली, पण आमच्या पिंपळाला अशी पालवी फुटली की पुजाऱ्यानं त्यात देवाचा कोप की कृपा असा वाद सुरू केला. एका गिऱ्हाइकानं, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या वकिलानं, मला वाटेत थांबवून विचारलंच. “घरातून पाणी बाहेर कुठे नेता?”

मी मुकी भूमिका करणारी, काय बोलणार? पण मागून दलाल कडाडला. “सार, ह्या घरची विहीर आटतच नाही! सगळ्या गल्लीला ह्या बाई पाणी वाटतात!”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दारात अकरा घागरी रांगेत.

पण घर काही विकेना. पहिली पार्टी एक निवृत्त हेडमास्तर आणि त्यांची बायको. शकुन उत्तम झाला, खोल्या आवडल्या, कॉफी प्याली, आणि मास्तरांनी किंमत विचारली. त्याच क्षणी मागच्या खोलीतून एक शिंक आली. एकच. खणखणीत. बाईंनी पेला खाली ठेवला. तमिळ माणसाला एकटी शिंक म्हणजे दारावर आडवा पडलेला साप. “विचार करून कळवतो,” म्हणत दोघं उठली. वकिलानं भिंत मोजायला टेप काढली, तेव्हा शिंक. साड्यांच्या व्यापाऱ्यानं “तर मग” म्हणून मांडी ठीक केली, तेव्हा शिंक. दलाल माझ्यावर डाफरला. “अम्मा, पेरियम्मांना सुंठीचा काढा द्या!” मी दिला. सासूबाई निमूट प्याल्या. पुढच्या पार्टीला पुन्हा शिंक, अगदी तालावर, समेवर.

एप्रिल संपत आला. पुण्याहून ह्यांची पत्रं यायची. तुझ्या आईकडे जेवलो. तुझ्या बहिणींनी आमरस केला. पहाटे अंगावर शाल घ्यावी लागते. ती शाल वाचून मला रडू यायचं. मी दारामागच्या स्टुलावर, कळशी मांडीशी, पाठीवरून घामाच्या धारा, आणि कान सायकलच्या घंटेकडे. एकदा मनात आलं, कळशी घेऊन बाहेर पडावं आणि थांबूच नये. पिंपळ ओलांडावा, माउंट रोड ओलांडावा, सेंट्रल स्टेशनात शिरावं आणि मुंबईच्या गाडीत कळशीसकट बसावं. पण मुलं मागच्या दारी खेळत होती, आणि कळशी सासरची होती.

तेव्हा एका दुपारी मी रिकामी बसले असताना सासूबाईंनी तपकीर ओढली. मी पाहत राहिले. एक चिमूट, दुसरी चिमूट. शिंक नाही. माझ्या डोक्यात लख्ख पडलं. तीस वर्षं तपकीर ओढणाऱ्या माणसाला शिंक येते कुठे? सात वर्षांत ह्या बाई माझ्यासमोर एकदाही शिंकल्या नव्हत्या!

मी कोणाला बोलले नाही. मी पुढच्या प्रयोगाची वाट पाहिली.

पुढची पार्टी चेंगलपट्टूकडचा गिरणीवाला. मुलगा मद्रासला कॉलेजात, त्याच्यासाठी घर हवं. बरोबर म्हातारी आई, आणि हातात पिशवी. पिशवीत तबक, विड्याची पानं आणि विसाराचे पैसे. म्हणजे माणूस ठरवूनच आला होता. दलालाचे कान लाल झाले होते. मी कळशी घेऊन बाहेर पडले, पिंपळाला पाणी घातलं, आणि ह्या वेळी लगबगीनं परत येऊन दाराशी उभी राहिले.

गिरणीवाल्यानं पिशवीत हात घातला. मागून शिंक आली.

गिरणीवाल्याचा हात पिशवीतच. आणि मी, देवाशपथ, मुळीच ठरवलं नव्हतं, पण शाळेतल्या नाटकाचं रक्त उसळलं. मी पदर नाकाला लावला आणि दणदणीत शिंकले.

“जोडी!” दलाल ओरडला. “जोड शिंक! आता तर देवानंच हो म्हटलं!” आणि ते खरंच होतं. तिकडे एक शिंक अशुभ, पण दोन शुभ. गिरणीवाला हसला. तबक बाहेर आलं.

मागून तिसरी शिंक.

मी चौथी दिली. लगेच पाचवी आली. मी सहावी काढली, पण घसा सुकला होता, ती शिंक कमी आणि मांजराची तक्रार जास्त झाली. सातवी मागून आली ती अशी, की ताकावरचं झाकण पडलं. मुलं खिदळायला लागली. दलाल बोटं मोजत होता. विषम, सम, विषम.

गिरणीवाल्याची आई उठली. तिनं शकुनाचं नावही काढलं नाही. मुलाला म्हणाली, “तबक ठेव आत. ह्या घरात वारा नाही. बघ, सगळ्यांना नाकाचं दुखणं. माझा नातू इथे राहून आजारी पडेल.” आणि गेली की माणसं!

दलालानं छत्री उचलली. माझ्याकडे बघितलं, मागच्या खोलीकडे बघितलं. “अम्मा,” तो म्हणाला, “तीस वर्षं धंदा करतोय. मांजरं हाकलली, कावळे हाकलले. घरातली माणसं कशी हाकलू?”

मी तरातरा मागच्या खोलीत गेले. सासूबाई पाटावर बसल्या होत्या. पदराचं टोक पिळून त्याची बारीक वात केलेली, अजून हातात. नाक लाल, डोळ्यांत पाणी.

“आई! हे तुम्ही मुद्दाम!”

“होय.”

“चार महिने मी त्या स्टुलावर... तिकडे हे एकटे, शाळा सुरू होतील, आणि तुम्ही इथे नाकात वाती घालताय!”

“तो माझा लेक कीं. तो एकटा आहे तें मज्ज कळत नाही?”

“मग?”

त्यांनी वात उलगडली, पदर नीट केला. आणि मग, ज्यांना मी कधी मोठ्यानं हसतानाही पाहिलं नव्हतं त्या माझ्या सासूबाईंनी मान तिरकी केली, एक हात कमरेवर ठेवला, भुवया उडवल्या आणि माझ्या आवाजात, अगदी माझ्या पुणेरी आवाजात बोलायला लागल्या.

“‘अगं ताई, ऐक तरी! आमच्या सासूबाई कशा बोलतात सांगू? अस्के आले कींऽऽ? मज्ज एक तांब्या पाणी देतीस कींऽऽ?’”

ही माझी नक्कल होती. मी करत असलेल्या त्यांच्या नकलेची नक्कल. धाकट्याच्या बारशाला त्या पुण्याला आल्या होत्या. दुपारी माझ्या बहिणींना जमवून मी प्रयोग केला होता, आणि बहिणी गडबडा लोळल्या होत्या. सासूबाई तेव्हा माडीवर झोपल्या होत्या, असं मी तीन वर्षं समजून होते.

“जिन्यात होतें,” त्या म्हणाल्या. “तूं बरं करतीस. माझ्यापेक्षा बरं करतीस. मीच हसलें थोडी. पण मग कळलं, त्या गांवात तोंड उघडलं की अस्के हसणार. भाजीवाली हसेल. नातवंडं शाळेतून येऊन हसतील. इथे मी गल्लीला मामी आहें. तिथे मी तुझं नाटक होईन.”

ज्या बाईला मी अर्ध्या तासापूर्वी शिंकांनी हरवायला निघाले होते, तिनं मला माझ्याच कलेत हरवलं होतं. आणि वाईट हे, की मनातल्या एका चोरट्या कोपऱ्यात मला वाटलं, काय सुंदर करतात! तो ‘ऐक तरी’ किती अचूक!

“मग सांगितलं का नाही?” मी विचारलं. “शिंका कशाला?”

“विचारलं कोणीं? लेकानं पत्र लिहिलं, घर विकूं. दलाल म्हणाला, मागे बसा. तूं म्हणालीस, मागे बसा. सही माझी होवी, एवढं मात्र अस्क्यांना ठाऊक.”

त्या दिवशी मी ह्यांना पत्र लिहायला बसले. पहिली तीन पत्रं फाडली, कारण तिन्ही विनोदी झाली. शिंकांचं युद्ध, अकरा घागरी, पंचांगातली खूण, सगळं खुसखुशीत. चौथं लिहिलं ते सहा ओळींचं. आई येणार नाहीत. घर विकू नये. ह्याला कारण मी आहे. काय केलं तेही लिहिलं. पेटीत टाकल्यावर वाटलं, आता संपलं. आता मीही इथेच. सासूबाईंना एकटं टाकून गेलेली सून म्हणून मिरवायची माझी छाती नव्हती, आणि हे तर आईवेड्या माणसांपैकी. ह्यांचं उत्तर आलं, तेही सहाच ओळींचं. घर राहू दे. आईला काय हवं ते आईलाच विचार. शेवटी ‘तुझी वाट पाहतो’ असं होतं, पण कधी ये ते नव्हतं.

मी वाचून दाखवलं. सासूबाईंनी ऐकलं आणि दलालाला बोलावणं धाडलं.

तो आला, तर ह्या बाहेरच्या ओट्यावर, भर रस्त्याकडे तोंड करून बसलेल्या. “घर विकायचं नाही,” त्या तमिळमध्ये म्हणाल्या. “पुढच्या दोन खोल्यांना भाडेकरू आण. नवराबायको चालतील. तुझी दलाली एक महिन्याचं भाडं, रिवाजाप्रमाणे.”

“पेरियम्मा, पण पार्टी आली की तुम्ही...”

“इथेच बसेन. मला बघून ज्याला परत जायचं, त्यानं पायरी चढायच्या आधीच जावं. माझी कॉफी वाचेल.”

दोघे खरंच पायरीवरूनच फिरले. एकानं तर मान वळवून असा ओळखीचा माणूस शोधल्याचा अभिनय केला की मी आतून मनातल्या मनात गुण दिले, शंभरात तीस. तिसरा तारकचेरीतला माणूस. उंच, दमलेला, आठवड्यातून चार रात्री पाळी. नवीन लग्न, बायको खेड्यातली, रात्री एकटी राहायला घाबरते. त्यानं ओट्यावर बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला तो घराबद्दल नव्हताच.

“अम्मा, तुम्ही नेहमी घरातच असता?”

“जायचं कुठे?”

“रात्रीही?”

“तीस वर्षं एकही रात्र बाहेर काढली नाही. पुण्याच्या आठ सोडून.”

त्याचा चेहरा उजळला. मी मागच्या खोलीत मुलांचे कपडे उन्हातून काढून घड्या घालत होते. कशासाठी घालत होते कोण जाणे, नुसतं हाताला काम. बाहेर विहिरीचं पाणी, पंखा, दिव्याचं बिल अशी बोलणी चालली होती. मग त्यानं विचारलं, “आणि आत आवाज येतोय, ती मंडळी कोण? तीही राहणार का?”

मी हातातली घडी घातली, मोडली, परत घातली.

“ती माझी सून,” सासूबाई म्हणाल्या. “शनिवारी पुण्याला जाते आहे. तिचा नवरा तिकडे आहे. तुमच्या भाड्यात त्यांना तिकडे दोन खोल्या होतील.”

शनिवारी! तिकीट नाही, सामान नाही, ह्यांना कळवलेलं नाही. गुरुवार होता. मला कोणी विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. आणि मला त्याचा जराही राग आला नाही.

मी बाहेर आले. सासूबाईंनी माझ्याकडे न बघता कनवटीची छोटी पिशवी काढून माझ्या हातात ठेवली. “सेंट्रलला जा. झोपायचीं नाही तरी बसायच्या बाकावरचीं तिकिटं मिळतीं कीं बघ. तूं येईपर्यंत मुलं असूं देत इथेच.” मग पुढे म्हणाल्या, “आणि बहिणींना सांग, मीही करतें. तुझी. दिवाळीला येशील तेव्हा अस्कं करून दाखवीन.”

चार वाजले होते. मी केस न विंचरता चपला घातल्या आणि ट्रॅमच्या जुन्या रस्त्यानं चालत सुटले. सेंट्रलवर रांग खिडकीपासून पार पुलाच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती. पुढचा माणूस कुरकुरत होता, दोन तास तरी लागतील म्हणून. मी त्याला म्हटलं, लागू देत.